धा पडायच्या आधी श्वास कोण घेतंय? (फिल्टर, फेज आणि आपले कान)

खोलीतला_स्टुडिओ (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी एका तबलजी मित्राचं रेकॉर्डिंग केलं. स्टुडिओ म्हणजे घरातलीच मागची खोली. भिंतीला गाद्या, खिडकीला दुलई. रस्ता जवळ आहे, खालून बस गेली की माइकमध्ये घरघर येते. ती काढायला ईक्यूमध्ये (इक्वलायझर, सुरांचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) ६० हर्ट्झच्या खालचं सगळं उडवलं. उतार चांगला कडक ठेवला, सप्तकाला ४८ डीबी.

या ईक्यूमध्ये 'लिनिअर फेज' असं एक बटण आहे. यूट्यूबवरचे झाडून सगळे गुरुजी सांगतात की साधा फिल्टर फेजची वाट लावतो, लिनिअर फेजवाला सोज्वळ असतो. म्हणून मी ते दाबलं.

मित्राने हेडफोन लावला. दोन आवर्तनं ऐकली, हेडफोन काढला आणि म्हणाला, "धा पडायच्या आधी कोणीतरी श्वास घेतंय."

मला आधी पटलंच नाही. मग डोळे मिटून ऐकलं. खरंच होतं राव! डग्ग्यावर थाप पडायच्या किंचित आधी एक बारीक 'हुं' येत होता, कोणी पाणी ओढून घ्यावं तसा. बटण सोडलं, फिल्टर साध्या मोडवर आणला, 'हुं' गायब. म्हणजे जो फिल्टर फेज बिघडवत नाही तो कानाला खटकला आणि जो बिघडवतो तो खपून गेला.

आता प्रश्न: फिल्टरने केलेला फेज-बदल माणसाला ऐकू येतो की नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टिंग्या

शीर्षक वाचून आधी भूतकथा वाटली. मग 'फेज' दिसलं आणि वाटलं सोसायटीत परत एक फेज गेली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सोल्डरमामा

उत्तर एका शब्दात: नाही.

उत्तर जरा जास्त शब्दांत: हेल्महोल्ट्झने १८६३ साली ग्रंथ लिहून सांगून ठेवलंय की स्वराचा पोत ठरतो तो त्यातल्या उपस्वरांच्या संख्येवर आणि जोरावर. ते एकमेकांच्या किती मागे-पुढे चालतात यावर नाही. त्याच्याकडे ना कॉम्प्युटर ना ऑसिलोस्कोप. विजेवर थरथरत ठेवलेले ट्यूनिंग फोर्क आणि त्यांच्यापुढे पोकळ गोळे, एवढ्यावर त्याने हे काढलं.

शिवाय मी टेलिफोन खात्यात आयुष्य घालवलंय. ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा, लांब पल्ल्याच्या लाइनवर दोन्ही टोकांच्या फ्रिक्वेन्सी मधल्यांपेक्षा चांगल्याच उशिरा पोहोचायच्या. एकाही गिऱ्हाइकाने "बायकोचा आवाज फेजमधून गेलाय" अशी तक्रार केली नाही. त्याच लाइनवर मोडेम लावला की मात्र बोंब! कारण मोडेमला तरंगाचा आकार लागतो. म्हणून तर १९६५ मध्ये बेल लॅब्जच्या रॉबर्ट लकीने आपोआप जुळवून घेणारा इक्वलायझर बसवला. मोडेमसाठी हो, माणसांसाठी नाही. माणसाचं त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं.

तुझा 'हुं' दुसरं काहीतरी असणार. माइकचं स्टँड तपास.

निवांत_वाचक

मला विजेची फेज आणि पोरांना येणारी फेज एवढंच ठाऊक. कोणी सोप्या मराठीत सांगेल का की हे नेमकं काय आहे?

डीजेवाला_नाही_हं

मी सांगतो. (आयडी बघून प्रश्न येतात म्हणून आधीच सांगतो, मी नाटकांचा आणि मैफलींचा साऊंड करतो. गणपतीत भिंती उभ्या करणारे वेगळे.)

समजा मैफल सहाला आहे. गायक, तबलजी, पेटीवाले, तानपुऱ्याच्या मुली, सगळेच्या सगळे अर्धा तास उशिरा आले. कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला, पण झाला तसाच. हे लिनिअर फेज. सगळ्या फ्रिक्वेन्सींना उशीर सारखाच.

आता तबलजी सहाला, गायक सव्वासहाला आणि पेटीवाले साडेसहाला आले. माणसं तीच, पण एकत्र सुरुवात झालीच नाही. साध्या फिल्टरमध्ये असं होतं. कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती उशीर, तो तिचा ग्रुप डिले. आवाजात हा उशीर मिलिसेकंदांत असतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. वाद एवढाच आहे की श्रोत्यांना ही ये-जा कळते का.

निवांत_वाचक

आत्ता कुठे टाळक्यात शिरलं. धन्यवाद, डीजेवाले नसलेले दादा.

कानसेन

मामा, आदर आहे, पण हेल्महोल्ट्झला हेडफोन कुठे मिळाले होते? मी वीस वर्षं गंभीरपणे संगीत ऐकतोय. तीन ड्रायव्हरचे महागडे स्पीकर होते, आत कडक क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणारा फिल्टर. कधीच समाधान झालं नाही. विकले, आणि एकच ड्रायव्हर असलेले फुल-रेंज घेतले. क्रॉसओव्हरच नाही, म्हणजे फेजची भानगडच नाही. पहिल्या दिवशी सारंगी लावली आणि डोळ्यांत पाणी आलं. वाद्य खोलीत येऊन बसलं होतं.

सुरुवातीच्या सीडी प्लेअरचंही तेच. १९८२ साली बाजारात आले, २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं ठेवायचं आणि २२.०५ च्या पुढचं सगळं कापायचं. त्यासाठी आत भिंतीसारखा उभा अ‍ॅनालॉग फिल्टर. तो कर्कशपणा लोकांना उगाच नव्हता ऐकू आला.

सोल्डरमामा

तीन ड्रायव्हर काढून एक आणला म्हणजे हजार गोष्टी बदलल्या. आवाज कुठल्या दिशेला किती पसरतो ते बदललं, वरचे सूर कमी झाले, मधला पट्टा फुगला. त्यातली फेज तेवढी तुम्हाला ऐकू आली? ग्रेट.

आणि त्याच पिढीतले फिलिप्सचे प्लेअर विसरलात. त्यांनी चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून कापाकापीचं बरंचसं काम डिजिटल फिल्टरकडे दिलं होतं. तोही लिनिअर फेज. दोन्ही प्रकारचे प्लेअर बाजारात होते आणि कर्कश म्हणणारे दोघांनाही कर्कश म्हणत होते.

टिंग्या

कोणीतरी इनो आणा. दोन बाटल्या.

वॉटर्लूकर

नमस्कार. कॅनडातून, बाहेर उणे चौदा. हा धागा चुकवणं शक्यच नाही, कारण या विषयावरचा सगळ्यात गाजलेला पेपर आमच्याच गावच्या विद्यापीठातला आहे. लिपशिट्झ, पोकॉक आणि वँडरकुय, १९८२. मधल्या पट्ट्यातली फेज बिघडवली तर कळते का, हाच विषय. त्यांचं उत्तर मामा आणि कानसेन दोघांनाही अर्धंच आवडेल. साध्या, मुद्दाम बनवलेल्या आवाजांवर, हेडफोनमध्ये, फेज-बदल कळतो, त्याबद्दल शंका नको. संगीतावर, खोलीत, स्पीकरमधून ऐकताना तो फारच सूक्ष्म राहतो.

त्याआधी १९७८ मध्ये ब्लाउअर्ट आणि लॉज यांनी किती उशीर झाला की कानाला कळू लागतो ते मोजलं होतं. ५०० हर्ट्झला ३.२ मिलिसेकंद, १ किलोहर्ट्झला २, २ किलोहर्ट्झला १, ४ ला दीड आणि ८ ला परत २. म्हणजे कान सगळ्यात तिखट २ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तिथेही एक पूर्ण मिलिसेकंद लागतो.

आता कानसेनांनी विकलेल्या स्पीकरचा हिशेब करू. आतला क्रॉसओव्हर चौथ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली होता असं धरू, बहुतेक असतोच. (लिंकविट्झ आणि रायली दोघेही ह्युलेट-पॅकार्डमधले इंजिनिअर.) त्याच्या दोन्ही बाजूंची बेरीज केली की जोर सगळीकडे सारखा येतो, फक्त फेज एक पूर्ण वेढा फिरते. २ किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला त्याने होणारा जास्तीत जास्त उशीर साधारण पाव मिलिसेकंद भरतो. उंबरठा एक मिलिसेकंदाचा, उशीर पाव. दाराशीसुद्धा पोहोचत नाही.

कानसेन

आकडे सगळे बरोबर असतील. सारंगीही बरोबर होती.

सुरेल_ताई

मी तांत्रिक माणूस नाही, गाणं शिकवते. पण तानपुरा लावताना आम्ही दुसरं काय करतो? जोड आणि खर्ज जवळजवळ जुळले की आवाजात एक लाट सावकाश फिरत राहते. ती थांबली की तानपुरा लागला. म्हणजे दोन सूर एकमेकांच्या मागे-पुढे सरकताहेत हे कानाला कळतंच ना? आमच्याकडे जो मिरजेचा तानपुरा आहे त्यावर तर ती लाट हाताने पकडता येईल इतकी ठसठशीत असते.

वॉटर्लूकर

ताई, फार छान मुद्दा, आणि यावर घरी करता येणारा प्रयोग आहे. ऑडासिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एका ट्रॅकवर २०० हर्ट्झचा शुद्ध सूर घ्या, दुसऱ्यावर ४०१ चा. ४०० नाही, ४०१. वरचा सूर सप्तकापासून एक हर्ट्झने सरकलेला असल्यामुळे दोघांमधली फेज दर सेकंदाला एक फेरा पूर्ण करते. जोर कशाचाच बदलत नाही, फक्त नातं बदलतं. हेडफोनवर, आवाज फार मोठा न ठेवता ऐका.

डीजेवाला_नाही_हं

ताई, एक मिनिट. तानपुऱ्याचं उदाहरण इथे बसत नाही. खर्जाच्या तारेत तिचा स्वतःचा दुसरा उपस्वर असतो, तो जोडाच्या अगदी शेजारी येतो आणि त्या दोघांची खरीखुरी बेरीज-वजाबाकी होते. आवाज प्रत्यक्षच कमी-जास्त होतो. त्यात जव्हारीमुळे (घोडीवर तार घासत राहते ती करामत) उपस्वरांची पंगतच बसलेली असते, म्हणून तुमची लाट एवढी ठसठशीत. ती जोराची लाट आहे, निव्वळ फेजची नाही.

गंमत म्हणजे माझ्या धंद्यात सगळे हाच घोळ घालतात. "फेज आउट झाली, फेज आउट झाली" म्हणून ओरडतात आणि खरं दुखणं वेगळंच निघतं. खालचे बेसचे डबे आणि वरचे टॉप १०० हर्ट्झला जोडलेत असं समजा. बाकी सगळं जुळलेलं असताना डबे १.७ मीटर मागे सरकवले की १०० हर्ट्झच्या तरंगाची नेमकी अर्धी लांबी झाली. एक डबा ढकलतोय, दुसरा ओढतोय, मध्ये भोक. समोरच्या रांगेला डग्गा ऐकूच येणार नाही. पखवाजाच्या दोन पुड्यांना दोन माइक लावले तरी हाच प्रकार. एकाचा पोलॅरिटी स्विच उलटा केला की कधी अंगात प्राण येतो, कधी जातो. हे आंधळ्यालाही कळेल, कारण इथे दोन आवाज एकमेकांना खातात. धाग्याचा प्रश्न वेगळा आहे. आवाज एकच, जोर तोच, फक्त आतले तुकडे मागे-पुढे. ते कळतं का?

सोल्डरमामा

डीजेवाला_नाही_हं यांच्याशी बाडिस. लाखातलं बोललास. 'मला फेज कळते' म्हणणाऱ्या दहांतले नऊ या भोकाबद्दलच बोलत असतात.

सुरेल_ताई

तानपुऱ्याबद्दल पटलं. पण २०० आणि ४०१ चा प्रयोग लेकाकडून करून घेतला. हेडफोनवर ऐकला. लाट आहे! बारीक आहे, तानपुऱ्यासारखी नाही, आवाज मोठा-लहान होत नाही. स्वराचा रंग फिरतो. 'ओ' आणि 'ऑ' यांच्या मधे कुठेतरी जाऊन येतो.

सोल्डरमामा

हेडफोन स्वस्तातला असेल तर तो स्वतःच २०० चा दुसरा उपस्वर तयार करतो. तो ४०० चा आणि तुमचा ४०१ चा भांडले की झाली लाट. पुन्हा तीच बेरीज-वजाबाकी. जुना सापळा आहे हा.

वॉटर्लूकर

सापळा खराच आहे, मामा. म्हणूनच आवाज लहान ठेवायला सांगितलं, म्हणजे हेडफोनची स्वतःची गडबड खाली बसते. तरीही लाट उरते, कारण गडबड कानातही आहे. आपल्या कानातल्या केसपेशी तरंगाच्या एका बाजूला जास्त दाद देतात, दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीच. साधारण ४-५ किलोहर्ट्झपर्यंत मज्जातंतू तरंगाच्या ठोक्याबरोबर ठोका देतात. त्यामुळे तरंग वर टोकदार आणि खाली बसका असला, किंवा उलटा, तर मेंदूकडे जाणारं टपाल वेगळं असतं. खालच्या सुरांत हे सगळ्यात सहज दिसतं. सूर वर चढवत नेले की ओसरत जातं.

दुसरी एक गंमत. कान स्वतःच फेज बिघडवणारा फिल्टर आहे. कानातल्या शंखात वरचे सूर दाराशीच उतरतात, खालचे आत टोकापर्यंत जातात आणि काही मिलिसेकंद उशिरा पोहोचतात. जन्मापासून आपण असंच ऐकतोय.

टिंग्या

म्हणजे माझ्या कानात खर्ज रोज उशिरा येतो? आता बॉसला सांगायला कारण मिळालं.

मिरजकर

मिरजेचा उल्लेख झाला म्हणून आलो. अवांतर: आमच्या तानपुरा-सतारींना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, ताईंचा तानपुरा आता मानांकित म्हणायचा. आणखी अवांतर: तबल्यावर शाई नसती तर त्यात सूर लागलाच नसता. साध्या चामड्याचे उपस्वर वेडेवाकडे असतात, शाईच्या वजनाने ते ओळीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हे 'नेचर'मध्ये लिहिलंय, आणि तानपुऱ्याच्या जव्हारीवरही त्यांचं काम आहे. चालू द्या.

खोलीतला_स्टुडिओ (धागाकर्ता)

दोन रात्री जागून परत आलोय. वाद घालण्यापेक्षा आंधळी चाचणी केली. फूबार या म्युझिक प्लेअरमध्ये एबीएक्स नावाचं साधन आहे. ते 'अ' आणि 'ब' ऐकवतं, मग 'क्ष' ऐकवून विचारतं की हा दोघांपैकी कोण. मी प्रत्येक वेळी १६ फेऱ्या घेतल्या. नुसतं नाणं उडवून १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी आहे, म्हणून १२ ही माझी पासाची रेघ. विषय तोच: मित्राचा तबला, कोरा, खोलीचा घुमारा जवळपास शून्य.

पहिला पेपर: कानसेनांचा क्रॉसओव्हर. २ किलोहर्ट्झचा लिंकविट्झ-रायली, दोन्ही भाग बेरीज करून परत एक केलेले. हेडफोनवर ७. म्हणजे नाण्याने माझ्यापेक्षा बरं केलं असतं.

मग मुद्दाम राक्षस बनवला. ३०० हर्ट्झला तसलेच चार ऑलपास (जोर तोच ठेवून फक्त फेज फिरवणारे फिल्टर) एकापुढे एक. हिशेबाने खालच्या सुरांना वरच्यांपेक्षा सहा-सात मिलिसेकंद उशीर. १६ पैकी १३! धा मधला 'ना' आणि 'घे' सुटे झाल्यासारखे वाटतात. चाट आधी, मग गुमकी, मधे एक फट. एकदा ती फट कुठे शोधायची ते कळलं की सापडते, पण पहिल्या पाच फेऱ्यांत मी चाचपडतच होतो.

तोच राक्षस स्पीकरवर, सोफ्यावरून: ९. सभागृहात रेकॉर्ड केलेल्या एका ख्यालावर, हेडफोनवर: ८. तिथे सभागृहानेच सगळे तुकडे इतके पिंजून ठेवलेले असतात की माझे चार ऑलपास म्हणजे वारीत आणखी चार माणसं.

आणि शेवटी ज्याच्यावरून हे सुरू झालं ते. तोच ६० हर्ट्झचा फिल्टर, तोच उतार, फक्त बटण वर की खाली. १५. एक चुकला तो जांभई आली म्हणून.

कानसेन

७ वर मी काही बोलत नाही. घरी माझ्या कानांवर करून बघेन. पण १५ वर बोलेन. मामा, हे घ्या तुमचं 'नाही'. दोन्ही फाइलींत जोर अगदी सारखा, उतार सारखा, फरक फक्त फेजचा. आणि माणसाला १६ पैकी १५ वेळा कळला!

सोल्डरमामा

सकाळपासून तीनदा प्रतिसाद लिहून खोडला.

मान्य. स्टँड तपास म्हणालो तेही मागे घेतो. जोर तोच आणि कळलं, म्हणजे फेजच कळली, यातून मला पळवाट दिसत नाही. फक्त एक गोष्ट नजरेखालून जाऊ देऊ नका. साध्या मोडवरचा फिल्टर, मी कागदावर काढून बघितला, ६० हर्ट्झच्या आसपास वीस-पंचवीस मिलिसेकंद उशीर करतो. इतका ढळढळीत बिघाड, आणि तबलजी म्हणतो "आता गेला". लिनिअर फेजवाला कुठल्याच फ्रिक्वेन्सीला दुसरीपेक्षा एक क्षणही उशीर करत नाही, आणि तबलजी त्यालाच पकडतो. म्हणजे ज्याला आपण 'फेज डिस्टॉर्शन' म्हणतो ते शून्य असताना खोट ऐकू आली. मग हा शब्दच भोंगळ नाही का?

वॉटर्लूकर

मामा, नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

कुठलाही कडक फिल्टर घंटेसारखा वाजतो. जिथे कापला त्या फ्रिक्वेन्सीला थोडा वेळ गुणगुणतो, ते टळत नाही. फेज फक्त एवढंच ठरवते की हे गुणगुणणं कधी होणार. साधा फिल्टर, ज्याला मिनिमम फेज म्हणतात, सगळं थाप पडल्यानंतर उरकतो. लिनिअर फेजवाल्याला दोन्हीकडे समसमान वाटणी करावी लागते, निम्मं आधी, निम्मं नंतर. ६० हर्ट्झचं एक आवर्तन १६.७ मिलिसेकंदांचं. तीन-चार आवर्तनं आधी गुणगुणला तरी पन्नास-साठ मिलिसेकंद झाले. तोच तो श्वास.

आणि कान या दोन बाजूंना समान वागवत नाही. मोठ्या आवाजानंतर शंभर-दोनशे मिलिसेकंद तो बारीकसारीक गोष्टींकडे काणाडोळा करतो, त्यात डग्ग्याची स्वतःची आस असतेच झाकायला. मोठ्या आवाजाच्या आधीचं मात्र फार तर दहा-वीस मिलिसेकंद झाकलं जातं. त्याच्याही आधी जे येईल ते उघड्यावर. निसर्गात थापेच्या आधी थापेचा आवाज येत नाही, त्यामुळे बारीक असला तरी खटकतो.

हाच फिल्टर वर १५-१६ किलोहर्ट्झला लावला असता तर एक आवर्तन मिलिसेकंदाच्या पंधराव्या भागाइतकं. सगळं आधीचं गुणगुणणं त्या झाकलेल्या खिडकीत आरामात मावलं असतं आणि तबलजी काही बोलला नसता.

डीजेवाला_नाही_हं

यात माझी एक पैशाची भर. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात एक हौशी मंडळ "सिस्टिम लिनिअर फेज करा" म्हणून मागे लागलं होतं. खालपर्यंत नीट करायचं तर लांबच लांब एफआयआर (एक प्रकारचा डिजिटल फिल्टर, त्याची लांबी टॅपमध्ये मोजतात) लागतो. ४८ किलोहर्ट्झवर ८१९२ टॅपचा घेतला तरी सिग्नल त्यातून ८५ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. ८५ मिलिसेकंदांत आवाज एकोणतीस मीटर जातो. म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये शेवटच्या रांगेतून आल्यासारखा ऐकू येणार. मी म्हटलं, बुवांना विचारून या. आले नाहीत परत.

निवांत_वाचक

एक बाळबोध शंका. मग लिनिअर फेजचं बटण असतं कशाला?

खोलीतला_स्टुडिओ (धागाकर्ता)

बाळबोध नाही, मीही हेच शोधत होतो. मला समजलं ते असं: एकाच वाद्याचे दोन-तीन माइक असतील आणि त्यातल्या एकालाच फिल्टर लावायचा असेल, तर साधा फिल्टर त्या एका माइकला मागे-पुढे करतो आणि मिसळताना वर डीजेवाल्या दादांनी सांगितलेलं भोक पडतं. तिथे लिनिअर फेज कामाचा, कारण तो सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर करतो आणि तेवढा उशीर सॉफ्टवेअर बाकीच्या माइकांना आपोआप देतं. उतार सौम्य असेल तर आधीचं गुणगुणणंही नगण्य. एकट्या डग्ग्यावर, खाली ६० ला, ४८ डीबीचा उतार घेऊन तो लावणं हा माझा गाढवपणा.

सुरेल_ताई

गाढवपणा कसला, त्यामुळे केवढं शिकायला मिळालं! लेक आता रोज रात्री २०० आणि ४०१ लावून झोपतो.

कानसेन

माझ्या घरी, माझ्या फुल-रेंज स्पीकरवर, २ किलोहर्ट्झचा ऑलपास लावून आणि काढून, एबीएक्स. तीन बैठका. ८, ६, ९. तिसऱ्यानंतर बंद केलं. सारंगीचं काय ते मी अजून शोधतोय. मामा म्हणाले तसा मधला पट्टा फुगलेला असेल. मला तो फुगलेलाच आवडतो.

सोल्डरमामा

आवडू द्या की. पुण्यात आलात की बुधवार पेठेत भेटू, पासोड्या विठोबाच्या तिथे. एक जुना मोजणीचा माइक आहे माझ्याकडे, तुमचा पट्टा किती फुगलाय ते बघून टाकू. चहा माझा.

खोलीतला_स्टुडिओ (धागाकर्ता)

शेवटचं अपडेट. उतार २४ डीबीवर आणला, बटण सोडलेलं. बसची घरघर ऐंशी टक्के गेली, उरलेली मला एकट्यालाच ऐकू येते. काल मित्राला बोलावून ऐकवलं. अख्खा पेशकार डोळे मिटून ऐकला. हेडफोन काढून म्हणाला, "धा आता माझा आहे. पण सातव्या मिनिटाला मी समेवर उशिरा आलोय. ते तुझ्या यंत्रात दिसत नाही का?"

मोजलं. चाळीस मिलिसेकंद.

टिंग्या

एकट्या तबलजीचा ग्रुप डिले.